जाणतेपण सांभाळायचे कसे?



आजच्या भाषणाचा विषय थोडा शहरी वाटेल असा आहे. मोठमोठ्या कंपन्यांत आणि कारखान्यांत जे ज्ञान साठलेले असते ते थोड्या खर्चात सांभाळावयाचे कसे, हा तो विषय. हे ऐकून आपल्यापैकी काही जण म्हणतील, 'मास्तर, कंपन्या पुण्या-मुंबईच्या. आम्ही बीड जिल्ह्यातले. आमचा ह्याच्याशी काय संबंध?'

संबंध आहे, आणि फार जवळचा आहे. दसरा झाला, दिवाळी आली, की आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे कोयता घेऊन बाहेर पडतात. गाडीत संसार, मागे बैल, कडेवर लेकरू. पहाटे फडात ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि कारखान्याच्या आवारात नंबराला उभे राहायचे. पण एखाद्या दिवशी नंबर पुढे सरकतच नाही. गव्हाण बंद असते. आत कोणते तरी यंत्र अडलेले असते. चार तास जातात, सहा तास जातात. बैल उभे, माणूस थंडीत कुडकुडत गाडीखाली. काट्यावर जाण्याआधी ऊस वाळला की वजन घटते, आणि वजन घटले की मजुरी घटते.

आता आत काय चालले आहे ते पाहू या. पुष्कळदा यंत्र मोडलेले नसते. पूर्वीही ते असेच अडले होते आणि कोणीतरी ते पाऊण तासात चालू केले होते. पण ते कसे चालू केले हे ज्याला ठाऊक होते, तो मागच्या वर्षी निवृत्त होऊन गावी गेला. त्याच्याबरोबर ते जाणतेपणही गेले. म्हणजे आत ज्ञान हरवते आणि त्याची किंमत बाहेर उभा असलेला गाडीवान मोजतो. म्हणून हा विषय आपलाही आहे.

मी अर्थशास्त्र शिकवतो. तेव्हा थोडा हिशेब केल्यावाचून मला राहवणार नाही. समजा, एखादा कारखाना दिवसाला २५०० टन ऊस गाळतो. म्हणजे तासाला शंभर टनांहून थोडे अधिक. चार तास गव्हाण बंद राहिली तर चारशे टनांवर ऊस थांबला. गाडीला दोन टन धरले, तर ह्या दोनशे गाड्या झाल्या. दोनशे गाड्या म्हणजे दोनशे कुटुंबे. आणि हे सारे कशासाठी? तर एक गोष्ट एका माणसाच्या डोक्यात होती आणि वहीत नव्हती, एवढ्यासाठी.

ह्या बाबतीत घरचीच एक हकिकत सांगतो. माझे एक चुलते साखर कारखान्यात पॅनमन होते. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. पॅनमन म्हणजे काय, हे सर्वांनाच ठाऊक असेल असे नाही. उसाचा रस शुद्ध करून आटवला की त्याचा घट्ट पाक होतो. तो पाक एका मोठ्या बंद भांड्यात घेतात. त्यातली हवा काढून घेतलेली असते, म्हणून तो कमी उष्णतेवर उकळतो व करपत नाही. ह्या भांड्याला पॅन म्हणतात. ह्यातच साखरेचा दाणा धरतो. पाक फार पातळ झाला तर धरलेला दाणा विरघळतो. फार घट्ट झाला तर नको तेवढा बारीक दाणा आपोआप उठतो, त्याला खोटा दाणा म्हणतात. ह्या दोहोंच्या मधून वाट काढावयाची, हे पॅनमनचे काम.

नाना नमुन्याची सळई ओढून थोडा पाक काचेच्या पट्टीवर घेत, दिव्यासमोर धरीत. मग अंगठा आणि बोट ह्यांत चोळून बघत आणि सांगत, 'अजून पाच मिनिटं.' मीटर होते, काटे होते. पण शिळा ऊस आला, पावसात भिजलेला ऊस आला, की रसाची जातच बदलते. दाणा लांबट येऊ लागतो. तेव्हा काट्यापेक्षा नानांचे बोट आधी सांगे.

तीस वर्षांनी नाना निवृत्त झाले. समारंभ झाला. शाल, नारळ, हार, फोटो, सारे यथासांग झाले. पुढच्या हंगामात त्यांच्या जागी एक शिकलेला, हुशार मुलगा आला. पहिले दोन महिने ठीक गेले. मग अवकाळी पाऊस झाला, फडात तोडलेला ऊस दोन-तीन दिवस पडून राहिला आणि त्याच उसाचे गाळप सुरू झाले. साखर बिघडू लागली. एका संध्याकाळी कारखान्याची जीप आमच्या दारात उभी राहिली. त्या मुलाने नानांचे पाय धरले आणि म्हणाला, 'नाना, जरा येता का? माझ्या हाताला काही समजेनासं झालंय.'

नाना गेले. पण जाताना जे बोलले ते मी विसरलो नाही. ते म्हणाले, 'तीस वर्षं तिथं उभा राहिलो. जाताना शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. पण नाना, तुम्हाला काय येतं ते सांगून जा, असं कुणी म्हणलं नाही.'

श्रोते हो, आजच्या भाषणाचे सगळे सार ह्या एका वाक्यात आहे. आपल्याकडे माणसाला निरोप द्यायची रीत आहे. त्याचे जाणतेपण मागून घ्यायची रीत नाही.

आता ह्या जाणतेपणाचे दोन प्रकार पडतात, ते नीट ध्यानात घेतले पाहिजेत. एक, सांगता येण्याजोगे. अमुक झडप आधी उघडावी, तमुक नंतर, हे लिहिता येते. दुसरे, हाताचे. भाकरी थापायची कशी, हे कोणत्या पुस्तकातून आले आहे? आई परातीत थापते, लेक शेजारी बसते. पहिली भाकरी फाटते, दुसरी करपते, आठ दिवसांनी तिसरी फुगते. पाणी किती, असे विचारले तर आई म्हणते, 'लागेल तेवढं.' ती काही लपवीत नाही. तिला ते शब्दांत सांगताच येत नाही. मायकेल पोलान्यी नावाच्या विचारवंताने १९५८ आणि १९६६ साली लिहिलेल्या ग्रंथांत हाच विचार मांडला, की माणसाचे जाणणे त्याच्या बोलण्यापेक्षा नेहमी मोठे असते.

ह्यावर जपानातले एक उदाहरण बोलके आहे. १९८५ च्या सुमारास ओसाकातील मात्सुशिता ह्या विजेच्या उपकरणांच्या कंपनीला घरी पाव भाजण्याचे यंत्र बनवावयाचे होते. पाव काही नीट होईना. वरून करपे, आतून कच्चा राही. तज्ज्ञांनी कणीक तपासली, तरी उत्तर मिळाले नाही. तेव्हा इकुको तानाका नावाच्या त्यांच्या एका कर्मचारी बाईंनी एक साधी गोष्ट केली. ओसाकातील एका मोठ्या हॉटेलातला पाव प्रसिद्ध होता, तिथल्या मुख्य भटाऱ्याच्या हाताखाली त्या शिकायला राहिल्या. तो कणीक मळताना ती एका खास तऱ्हेने पीळ देऊन ताणतो, हे त्यांच्या लक्षात आले. मग अभियंत्यांनी यंत्रात तसा पीळ बसवला आणि पाव साधला. जपानी अभ्यासक इकुजिरो नोनाका ह्यांनी १९९१ साली हे उदाहरण जगापुढे ठेवले. ह्यातून घेण्याचा बोध असा, की हाताचे ज्ञान हाताशेजारी बसूनच घ्यावे लागते. ते कागदावर मागितले तर कागद भरतो, पण ज्ञान येत नाही.

हे सारे परदेशातून शिकायला हवे असे मात्र नाही. आपल्या मराठीत ह्याचा फार जुना धडा आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांच्या मागे त्यांच्या आठवणी विखुरल्या होत्या. कोणी काही पाहिलेले, कोणी काही ऐकलेले. म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास त्या गोळा करावयास घेतल्या. ज्याने जे पाहिले त्याच्याकडे जाऊन ते विचारले आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत, तर अमुक असे सांगतो, तमुक तसे सांगतो, हेही नोंदले गेले. असे 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. पुढे धामधुमीत मूळ पोथीच हरवली. मग काय झाले? हिराइसेसारख्या अनुयायांना ते मुखोद्गत होते, त्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. कोणताही व्यवस्थापक ह्यातून तीन नियम घेऊ शकतो. पाहणाऱ्यालाच विचारा. कोणी सांगितले ते लिहा. आणि एकच प्रत एकाच ठिकाणी ठेवू नका.

आपल्या आंबेजोगाईत दुसरा धडा आहे. दासोपंतांची पासोडी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरणाचा अवघड विषय ओव्या आणि आकृत्या घालून मांडला. पोथीची पाने उलटत बसायला नको. कापड पसरले की कशाचा कशाशी संबंध आहे ते नजरेसमोर येते. त्यातल्या वेदान्ताविषयी मी अधिकाराने बोलू शकत नाही. पण मांडणीची युक्ती आज कोणत्याही यंत्रशाळेच्या भिंतीला लागू आहे. जे रोज लागते ते कपाटात नको, डोळ्यांसमोर हवे.

आता मोठ्या कंपन्यांकडे वळू या. तिथे दहा-दहा हजार माणसे असतात, गावोगाव कचेऱ्या असतात. पुण्याच्या कचेरीतल्या माणसाने जी अडचण सोडवली तीच नागपूरच्या कचेरीत दुसरा माणूस पुन्हा पहिल्यापासून सोडवीत बसतो. हे टाळावे म्हणून बऱ्याच कंपन्या काय करतात? आधी संगणक घेतात. लाखो रुपयांची योजना विकत घेतात, त्यात रकाने पाडतात, आणि सर्वांना हुकूम सुटतो की आपापले ज्ञान त्यात भरा. सहा महिन्यांनी बघावे, तर कोठार भव्य आणि आत दाणा नाही. किंवा आत भरमसाट कागद, आणि हवा तो सापडत नाही. आधी बळद बांधले, पेरणीचा विचारच केला नाही, अशातला हा प्रकार. आजकाल प्रश्न विचारला की उत्तर देणारे संगणकही निघाले आहेत. पण जे कोणी कधी नोंदलेच नाही, ते तो तरी कोठून सांगणार?

ह्याउलट एका कंपनीने फार शहाणपणाने काम केले. कागदाच्या झटपट प्रती काढणारी यंत्रे बनवणारी झेरॉक्स कंपनी सर्वांना माहीत आहे. आपण तर त्या प्रतीलाच झेरॉक्स म्हणतो. ह्या कंपनीचे दुरुस्ती कामगार गावोगाव हिंडून यंत्रे सुधारत. ज्युलियन ऑर नावाचे एक मानववंशशास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर हिंडले. त्यांना दिसले, की कंपनीने दिलेल्या जाड पुस्तकात नसलेले दोष हे लोक आपसांत गप्पा मारून सोडवतात. न्याहारीला एकत्र बसले, की 'काल एक यंत्र असं अडलं होतं, मग मी असं केलं,' अशा गोष्टी चालत. आपल्या पारावर जसे बैलाच्या दुखण्यापासून मोटारीच्या बिघाडापर्यंत सगळे निघते, तसेच.

कंपनीच्या संशोधकांनी ह्या गप्पाच कामी लावल्या. १९९० च्या दशकात, आधी फ्रान्समध्ये आणि मग इतर देशांत, त्यांनी अशी व्यवस्था बसवली की कामगाराने आपली युक्ती थोडक्यात लिहून पाठवायची, दुसऱ्या जाणत्या कामगारांनी ती तपासायची, आणि खरी ठरली तर सर्वांना खुली करायची. तिला 'युरेका' असे नाव दिले. युक्तीबद्दल पैसे द्यावे असा विचार निघाला, तेव्हा कामगारांना तो रुचला नाही. त्यांना हवे होते ते एवढेच, की युक्तीखाली ती सांगणाऱ्याचे नाव असावे. श्रोते हो, नाव देण्याला खर्च किती येतो? काहीच नाही.

आपल्याकडेही मोठ्या उद्योगांनी हे मनावर घेतले आहे. टाटा स्टीलने १९९९ साली ज्ञानाच्या सांभाळासाठी वेगळे कार्य सुरू केले. साखरेच्या धंद्यात तर आपण ह्याचा पाया फार पूर्वी घातला आहे. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला. त्यामागून महाराष्ट्रात अनेक कारखाने निघाले. प्रत्येकाने आपापली प्रयोगशाळा, आपापले शास्त्रज्ञ ठेवणे परवडण्याजोगे नव्हते. म्हणून १९७५ साली पुण्याजवळ मांजरी येथे ऊस उत्पादक सभासदांनी मिळून एक संस्था काढली. तिला आज आपण वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखतो. एकाने शिकायचे आणि सर्वांनी वापरायचे, हे सहकाराचे तत्त्व पैशाला लागू होते तसे ज्ञानालाही होते.

पण थोड्या खर्चातल्या व्यवस्थेचा खरा नमुना मी मुंबईच्या डबेवाल्यांना मानतो. महादू हावजी बच्चे ह्यांनी १८९० साली हे काम सुरू केले. मावळ, खेड, जुन्नर ह्या भागांतली, बहुतेक बेताचे शिकलेली माणसे. २०२० च्या टाळेबंदीपूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले हे काम करीत होते. आता ती संख्या पुष्कळ उतरली आहे. डबा एका घरून निघून अनेक हातांतून जातो आणि दुपारी नेमक्या टेबलावर पोहोचतो. हे ज्ञान कोठे असते? डब्याच्या झाकणावर! पूर्वी रंगीत दोरे बांधत, पुढे रंगाने अक्षरे आणि आकडे आले. कोठून उचलला, कोणत्या स्थानकावर उतरवायचा, कोणती इमारत, कितवा मजला, एवढेच. अधिक एक अक्षर नाही. जे लिहून भागते ते झाकणावर, आणि जे लिहून भागत नाही, म्हणजे गल्ली-बोळ, जिने, गाडीची गर्दी, ते नवा माणूस जुन्याबरोबर हिंडून शिकतो. तुकडीवर मुकादम असतो. मुकादम हा शब्द आपल्याला काही नवा नाही.

तेव्हा मोठ्या संस्थेने थोड्या खर्चात ही व्यवस्था बसवायची तर काय करावे? मला सुचते ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, सगळे ज्ञान जमवायचा हव्यास धरू नये. ज्या दहा गोष्टी अडल्या की सारे काम अडते, त्या आधी निवडाव्यात. आणि प्रत्येकीपुढे लिहावे, की ही गोष्ट किती जणांना येते. जिथे 'एक' असा आकडा येईल तिथे धोका आहे. तो एक माणूस किती वर्षांनी निवृत्त होणार, हेही लिहावे. ह्या यादीला एका दुपारचा वेळ आणि एक कागद लागतो.

दुसरी, कोणाला काय येते ह्याची सूची करावी. पुष्कळदा ज्ञान लिहून काढण्याची गरजच नसते. कोणाला विचारायचे एवढे कळले तरी काम होते. कंपनीत दूरध्वनींची यादी असतेच. तीत नावापुढे हुद्दा असतो. हुद्द्यापुढे 'ह्यांना काय विचारावे' असा एक रकाना वाढवला, की झाले.

तिसरी, एक बिघाड, एक पान. काय झाले, काय करून पाहिले, कशाने सुटले, कोणी सोडवले, तारीख. पाच ओळी पुरेत. आणि वही यंत्राशेजारी हवी, साहेबांच्या कपाटात नको. परळीच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. अशा केंद्रांतून पाळी बदलताना मागच्या पाळीने वहीत नोंद करून पुढच्या पाळीच्या हाती काम द्यायचे, ही शिस्तच असते. हीच शिस्त थोडी पुढे न्यायची. पाळीची वही आजचे सांगते. बिघाडाची वही पुढच्या वर्षाचे सांगते.

चौथी, जे हाताचे ज्ञान आहे त्यासाठी जोडी लावावी. जाणता माणूस जाण्याआधी निदान एक पूर्ण हंगाम त्याच्या शेजारी शिकणारा उभा करावा. ह्यात एका माणसाचा पगार दोन ठिकाणी खर्च झाल्यासारखा दिसतो, आणि हिशेबनीस नेमका इथेच हात आखडतो. पण सगळ्या व्यवस्थेत हाच एक खर्च असा आहे की जो टाळू नये.

पाचवी, बोलणे टिपून घ्यावे. सगळ्यांनाच लिहायला जमते असे नाही. अनेक कसबी माणसे कागद पुढे आला की गप्प होतात. पण आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. काम करता करता माणूस आपल्या भाषेत बोलतो आहे, त्याचा हात दिसतो आहे, असे पाच मिनिटांचे चित्रण विनाखर्च होते. बोली असली तर असू द्या. शुद्ध भाषेचा हट्ट धरला की अर्धे ज्ञान जागीच राहते.

आणि सहावी, वर्षातून एकदा वही झाडावी. यंत्र बदलले, तर जुनी पाने काढून बाजूला ठेवावीत. नाही तर खऱ्याखोट्याची सरमिसळ होते, आणि एकदा का वही चुकीचे सांगू लागली की तिच्याकडे कोणी फिरकत नाही.

ह्या सगळ्याला खर्च किती? पुन्हा थोडा हिशेब करू. समजा, कारखान्यात बारा विभाग आहेत. प्रत्येक विभागात एका माणसाने आठवड्याला अर्धा तास ह्या वहीला दिला. आठवड्याचे सहा तास झाले. चोवीस आठवड्यांचा हंगाम धरला तर एकशे चव्वेचाळीस तास. आठ तासांचा दिवस धरल्यास अठरा दिवसांची मजुरी आणि बारा वह्या. एवढ्या खर्चात गव्हाणीचा चार तासांचा एक खोळंबा जरी टळला, तरी माझ्या मते व्यवहार आतबट्ट्याचा होणार नाही. कंपनी फारच मोठी असेल आणि पाने हजारांनी वाढली, तर मग ती शोधण्यासाठी संगणक अवश्य घ्यावा. पण तो वहीची सवय लागल्यावर घ्यावा, सवय लावण्यासाठी घेऊ नये.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती सांगतो. आम्ही अर्थशास्त्राची माणसे हिशेब चटकन करतो, पण माणसाच्या मनातले सहसा विचारत नाही. नाना त्या रात्री कारखान्यातून परत आले. त्यानंतर काही दिवसांनी ओट्यावर बसून ते मला म्हणाले, 'खरं सांगू का? विचारलं असतं तरी मी सगळं सांगितलं नसतं.' मी म्हटले, 'का हो, नाना?' ते म्हणाले, 'लेकरा, माझ्यापाशी दुसरं होतं काय? शिक्षण नाही, कागद नाही. एवढं एक बोट होतं. ते बी देऊन टाकलं असतं, तर म्हणले असते, आता तुमचं काय काम?'

ह्यावर मला उत्तर सुचले नाही. नानांचे म्हणणे खोटे नव्हते. ज्याची नोकरी कायम नाही, ज्याला दर हंगामाला घेतील की नाही ह्याची धास्ती आहे, तो आपले कसब मुठीत धरणारच. त्याला स्वार्थी म्हणणे सोपे आहे. पण भीती कोणी घातली? म्हणून मी असे म्हणेन, की ज्ञान सांभाळण्याच्या कोणत्याही योजनेची पहिली अट वही नाही आणि संगणकही नाही. शिकवल्यामुळे तुझे नुकसान होणार नाही, हा शब्द माणसाला मिळाला पाहिजे आणि तो पाळला गेला पाहिजे. जो शिकवतो त्याचे नाव वहीवर असावे. निवृत्तीनंतरही त्याला मानाने बोलवावे आणि वेळेचे मोल द्यावे. हा शब्द फुकट नाही, पण तो मोडला तर जे नुकसान होते त्यापुढे तो स्वस्तच आहे.

शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द सांगतो. आपली शाळाही एका मोठ्या संस्थेचाच भाग आहे. आपल्या जिल्ह्यात हंगामी वसतिगृहे चालतात. आईबाप ऊसतोडीला गेले की काही लेकरे तिथे राहतात, काही आईबापांबरोबर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. कोणते मूल कोठे जाते, केव्हा परतते, त्याचे काय मागे पडते, कोणाची आजी घरी आहे, कोणते मूल रागावले की शाळाच सोडते, हे सगळे वर्गशिक्षकाला तोंडपाठ असते. आणि मग बदलीचा हुकूम येतो. शिक्षक जातात आणि नवे येतात. नव्या गुरुजींना हजेरीपत्रक मिळते, पण लेकरू मिळत नाही. ते कळायला त्यांचे एक वर्ष जाते. लेकराचे तर ते वर्ष जातेच. जाणाऱ्या शिक्षकाने दर मुलामागे चार ओळी लिहून ठेवल्या, तर ह्याहून मोठे शिक्षणकार्य कोणते? फक्त एक पथ्य पाळावे. त्या ओळी मुलाला हात देण्यासाठी असाव्यात, त्याच्यावर शिक्का मारण्यासाठी नसाव्यात.

आणि गावकरी मंडळींनाही माझी विनंती आहे. कोणत्या विहिरीचा झरा कोणत्या बाजूला आहे, कोणत्या ओढ्याला कोणत्या पावसात पूर येतो, जुना बांध कोठून फुटतो, हे जाणणारी माणसे आपल्या गावात आज आहेत. ह्या सुट्टीत आपल्या शाळकरी मुलाला एक वही घेऊन त्यांच्यापाशी बसवा.

नानांची गोष्ट अर्धी राहिली, ती पुरी करतो. त्या रात्री नाना एकटेच पॅनवर उभे राहिले नाहीत. त्या मुलाला त्यांनी शेजारी उभे केले. मुलानेच विनवले म्हणून ते आणखी दोन रात्री गेले. तीन रात्री तो मुलगा त्यांच्याबरोबर पट्टीवरचा पाक बोटांत चोळीत होता, आणि मधे मधे एका साध्या वहीत काही लिहीत होता. ही वही त्याने स्वतःच्या पैशाने आणली होती. कोणी हुकूम केला नव्हता. पहिल्या पानावर त्याने नानांचे पूर्ण नाव लिहिले आणि खाली लिहिले, 'ह्यांनी सांगितले ते.'

नाना आज नाहीत. तो मुलगा आता मुलगा राहिलेला नाही, त्याच्याच हाताखाली दोघे शिकतात. मध्यंतरी भेट झाली तेव्हा त्याने ती वही मला दाखवली. पाने पाकाने चिकटलेली, कोपरे काळे पडलेले. मी विचारले, 'नवी प्रत का काढत नाही?' तो म्हणाला, 'काढलीय, सर. दोन प्रती आहेत. पण पोरांना शिकवताना हीच काढतो. नाव त्यांच्या हातचं नाही, पण शब्द त्यांचे आहेत.'

नाना गेल्यावर चुलतीला मी हे सांगितले. तिने ती शाल ट्रंकेत जपून ठेवली आहे. ती म्हणाली, 'शालीपेक्षा ती वही बरी.'

माझी वेळ संपत आली. आपल्या घरात, शाळेत, कारखान्यात जो जाणता माणूस आहे, त्याला उद्याच जाऊन विचारा, 'तुम्हाला काय येतं ते आम्हाला सांगाल का?' इतके सांगून मी आपली रजा घेतो.